जुनी टर्बो गाडी घेताना आधी तेल बघा

बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या पुलापासून एकीकडे कुंदलहळ्ळी गेट आणि दुसरीकडे कडुबीसनहळ्ळी, बेळ्ळंदूरपर्यंत ज्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यांच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भारतात विकली गेलेली जवळजवळ प्रत्येक टर्बो गाडी बघायला मिळते. इथली माणसं आयटीतली. नोकरी बदलते, बदली होते, कुणी सहकुटुंब परदेशी जातं, आणि तीन-चार वर्षांची चकचकीत गाडी महिन्याभरात विकायची वेळ येते. म्हणून बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडची मंडळी गाडी शोधायला थेट बंगळूर गाठतात. मी याच भागात राहतो, गाड्यांचा नाद लहानपणापासूनचा, त्यामुळे नात्यातलं किंवा ओळखीचं कुणी आलं की गाडी बघायला मला बरोबर घेतात. या फेऱ्यांत आणि इथल्या मिस्त्र्यांच्या गॅरेजांत उभं राहून जे शिकलो, ते क्रमाने लिहितो. कारण गाडीत जाणारा पैसा बहुतेकदा एखाद्या घराच्या साठवणीचा असतो. टर्बो बदलावा लागला तर महिन्याचा पगार जातो, इंजिन उतरवावं लागलं तर वर्षाची बचत. आणि झिजेने गेलेल्या इंजिनाला नेहमीचा विमा पैसे देत नाही.

१. टर्बो कशावर जगतो ते आधी समजून घ्या

इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून एक लिटरचं इंजिन दीड लिटरएवढी ताकद देतं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

आता त्या दांड्याचा विचार करा. छोट्या पेट्रोल गाडीत तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि त्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या वर तापलेला धूर असतो. दांडा तरंगत असतो तेलाच्या अगदी पातळ थरावर. तेच तेल त्याची उष्णताही वाहून नेतं. थर तुटला की धातूला धातू घासतो आणि काही क्षणांत नुकसान होतं. म्हणजे टर्बो आपणहून क्वचितच जातो. तेल कमी पडलं, तेल जुनं झालं, तेलात काजळी साचली किंवा हवेबरोबर धूळ आत गेली, यांतलं काहीतरी आधी झालेलं असतं. मुन्नेकोळालजवळ एक मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. टर्बो गेलेली गाडी आली की ते गिऱ्हाइकाला एकच सांगतात, “बदलून देतो सर, पण तो कशाने गेला ते सापडल्याशिवाय नवा बसवणार नाही.” कारण न शोधता बसवलेला नवा टर्बोही त्याच वाटेने जातो, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

जुनी गाडी बघताना मीही हाच प्रश्न उलटा करून विचारतो: या टर्बोला आजवर कसलं तेल मिळालं, किती मिळालं आणि किती तास पुरवून वापरलं?

२. मीटरवरचे किलोमीटर तासांत मोजा

मारतहळ्ळीत शिकलेली ही सगळ्यांत मोलाची गोष्ट. विकणारा म्हणतो, “फक्त चाळीस हजार चाललीये.” मीटरला हात लावलेला नसतो, माणूसही खरं बोलत असतो. तरी त्या चाळीस हजारांचा अर्थ वेगळा असू शकतो.

टॉमटॉम ही कंपनी जगभरच्या शहरांच्या वाहतुकीचा दरवर्षी निर्देशांक काढते. तिच्या २०२४ च्या आकड्यांत बंगळुरात १० किलोमीटर जायला सरासरी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणजे वेग ताशी २० किलोमीटरपेक्षाही कमी. संध्याकाळी आउटर रिंग रोडवर इब्बलूरहून मारतहळ्ळीकडे आलेल्या माणसाला हा आकडाही उदार वाटेल. तरी सोपं जावं म्हणून ताशी २० धरू. ४०,००० किलोमीटर भागिले २०, म्हणजे इंजिन २,००० तास चाललं. हेच २,००० तास ताशी ६० च्या वेगाने महामार्गावर गेले असते तर मीटरवर १,२०,००० किलोमीटर दिसले असते. इंजिनातल्या तेलाला आणि टर्बोच्या बेअरिंगला चाक किती फिरलं याच्याशी देणंघेणं नाही. ते तापलेल्या अवस्थेत किती वेळ होते, एवढंच त्यांच्या लेखी मोजलं जातं.

त्यातही कुर्मगतीची वाहतूक टर्बोला जास्त बाधते. बॉनेटखाली वारा लागत नाही, उष्णता कोंडते, दोन सिग्नलांमध्ये जोराने दाबलेलं पेडल आणि लगेच ब्रेक. घरी पोचल्यावर गाडी तळघरात शिरते आणि त्याच क्षणी बंद होते. टर्बो लालबुंद नसला तरी चांगलाच तापलेला असतो, आणि तेलाचा पुरवठा थांबतो. आत उरलेलं तेल जळून त्याचा कोळशासारखा थर बनतो. आजकालच्या बहुतेक टर्बोंना पाण्यानेही थंड ठेवतात आणि काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा पंप ते पाणी फिरवत राहतो, म्हणून हा धोका पूर्वीपेक्षा कमी झालाय. संपलेला मात्र नाही.

मग तास कळणार कसे? अनेक गाड्यांच्या पडद्यावर सरासरी वेग दाखवतात, त्यात एक आकडा दीर्घकाळाचा असतो. तो कुणी शून्यावर आणला नसेल तर त्यात गाडीचं चरित्र दिसतं. तिथे १६ दिसले तर गाडी रिंग रोडवर वाढलेली आहे. ३५-४० दिसले तर ती बाहेरगावी जात आलेली आहे. काही गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरवर इंजिनाचे तासही निघतात. काहीच नसेल तर मालकाशी गप्पा मारा: ऑफिस कुठे, घर कुठे, गावी कशाने जाता? दर सुट्टीला चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत कोल्हापूरला जाणारी ८०,००० चाललेली गाडी मी घरापासून टेक पार्कपर्यंतच फिरलेल्या ३५,००० च्या गाडीपेक्षा आधी बघतो. किंमतही बहुधा तिचीच कमी असते, कारण बाजार अजून फक्त मीटर वाचतो.

३. सर्व्हिसच्या बिलांत तारखा वाचा

“सगळी सर्व्हिस शोरूमची” या वाक्यावर थांबू नका. गाडीच्या नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटर पूर्ण इतिहास काढून देतं, मालकाने सांगितलं तर. तो कागद घरी नेऊन शांतपणे वाचण्याजोगा असतो.

बऱ्याच कंपन्या तेल बदलायला वर्ष किंवा १०,००० ते १५,००० किलोमीटर सांगतात, आणि त्याच पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की खडतर वापरात हे अंतर कमी करा. थांबत-थांबत चालणारी शहरी वाहतूक याच खडतर वापरात मोडते. म्हणून ज्या मालकाने दर पाच-सात हजारांवर तेल बदललं आहे, त्याच्या गाडीला मी दहा-वीस हजार रुपये जास्त द्यायला सांगतो.

तारखांमध्ये २०२० आणि २०२१ खास बघा. टाळेबंदी लागली, ऑफिसं घरून सुरू झाली, निम्मी मारतहळ्ळी आपापल्या गावी गेली आणि गाड्या तळघरांत धूळ खात उभ्या राहिल्या. त्या काळात किलोमीटर वाढले नाहीत म्हणून कित्येकांनी तेलही बदललं नाही. पण उभ्या गाडीतलं तेलही जुनं होतं, त्यात ओलावा मुरतो. दोन वर्षांची फट दिसली तर गाडी नाकारायचं कारण नाही, मात्र त्यानंतरच्या सर्व्हिसला काय-काय बदललं ते नीट बघा.

बिलात आणखी एक ओळ शोधायची: मधल्या काळात तेल किंवा कूलंट ‘टॉप अप’ केल्याची. एकदा असेल तर ठीक. प्रत्येक भेटीत अर्धा लिटर तेल भरलेलं दिसलं तर ते तेल कुठेतरी जातंय. गळत असेल तर खाली डाग दिसतो. दिसत नसेल तर जळतंय.

तेलाचा दर्जाही बिलावर असतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार आला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्या धक्क्याने पिस्टनच्या रिंगांमधली धातूची कड तुटू शकते. हे टाळण्यासाठीच २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेचा ‘एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’ हा तेलाचा दर्जा आला. त्यानंतरही एखाद्या टर्बो पेट्रोल गाडीत कोपऱ्यावरच्या गॅरेजने हाताला लागेल तो डबा ओतला असेल, तर ती बचत खरेदीदाराच्या खिशातून वसूल होते.

४. गाडी थंड असताना बघायला जा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी सकाळी येतोय, त्याआधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी परत या. तापलेलं इंजिन बरेच आजार झाकतं.

चालू करायच्या आधी डिपस्टिक काढा. तेल काळं असणं स्वाभाविक आहे, डिझेलमध्ये तर ते बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी काळं होतं. पातळी, घट्टपणा आणि वास बघा. तेल भरायचं झाकण उघडून आत मोबाइलचा टॉर्च मारा. भिंतींवर डांबरासारखा चिकट थर दिसला तर तेलाच्या बारीक वाटा, ज्यांतली एक टर्बोकडे जाते, अशाच बुजत आलेल्या असतात. झाकणाखाली ताकासारखा पांढुरका फेस असेल तर तेलात पाणी मिसळतंय का हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. फक्त दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत थोडा फेस ओलाव्यानेही येतो, म्हणून लगेच घाबरायचं नाही.

मग एकाने चालू करायचं आणि दुसऱ्याने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. पहिल्या काही सेकंदांत टायमिंग चेनचा खुळखुळाट येतो का ते ऐका. धूर निळसर असेल तर तेल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट. डिसेंबरच्या बंगळुरी सकाळी दिसणारी विरळ वाफ प्रत्येक गाडीत असते, ती सोडून द्या. पेडल दाबल्यावर काळा धूर आला तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडतेय, कदाचित टर्बोच्या एखाद्या पाइपाला चीर आहे.

आता गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवा. मग एकदम पेडल दाबा. निळ्या धुराचा लोट निघाला आणि विरला, तर टर्बोच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल उतरतंय. कोणत्या, ते मिस्त्री सांगेल. सौदा थांबवायला एवढी माहिती पुरते.

५. टर्बोला हात लावून बघायला सांगा

गाडी मिस्त्रीकडे नेण्याचा आग्रह धरा. विकणारा खरा असेल तर हरकत घेत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप काढला की टर्बोचं पुढचं चक्र दिसतं. ते बोटाने हलवायचं. आडवं किंचित हललं तर चालतं, कारण दांडा तेलावर तरंगायचा असतो आणि आता तेलाचा दाब नाही. आत-बाहेर सरकलं, किंवा पाती कडेच्या भिंतीला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर बेअरिंग संपलेलं आहे. पाइपात तेलाचा पातळ थर दिसणं नेहमीचं आहे. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या नळीत तेल साठलेलं असणं नेहमीचं नाही.

पात्यांच्या कडा निरखून बघा. रिंग रोडवर मेट्रोच्या निळ्या मार्गाचं काम गेली काही वर्षं चाललंय आणि सिमेंटची बारीक धूळ या भागातल्या प्रत्येक गाडीच्या एअर फिल्टरमध्ये सापडते. फिल्टर वेळेवर बदलला तर ती तिथेच अडते. फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली असेल किंवा तो नीट बसवला नसेल, तर धूळ थेट चक्रावर जाते आणि पात्यांच्या धारा झिजवते. झिजलेली पाती मी या रस्त्यावरच्या गाड्यांतच जास्त पाहिली. बारीक शिट्टी सगळेच टर्बो मारतात. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढता-उतरता आवाज आला की समजावं, पाती बिघडलीत.

६. छोटा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. एरर कोड तर बघाच. पण त्याआधी ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ ही नोंद शोधा. तिथे १२ किलोमीटर दिसले, तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी इंजिनाचा दिवा विझवलाय. बॅटरी बदलल्यानेही काही गाड्यांत हे होतं, म्हणून बॅटरीची तारीख बघा आणि मगच मालकाला विचारा.

दुसरा आकडा हवेच्या दाबाचा, स्कॅनरवर ‘एमएपी’ नावाने येणारा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, म्हणून इथे ९०-९१ किलोपास्कल दिसले पाहिजेत. मुंबईत १०१ च्या आसपास, पुण्या-कोल्हापुरात ९५. मारतहळ्ळीत उभ्या गाडीने १०१ दाखवले तर सेन्सरवर विश्वास ठेवता येत नाही, आणि मग पुढचं काहीच ताडता येत नाही.

सेन्सर बरोबर असेल तर गाडी चालवताना शेजारी बसलेल्याने हाच आकडा बघत राहायचा. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांवरून पेडल पूर्ण दाबलं की तो ९१ ओलांडून झपकन वर चढला पाहिजे आणि वर टिकला पाहिजे. नेमका किती, ते मॉडेलवर अवलंबून. त्याच मॉडेलची ओळखीतली एक निरोगी गाडी आधी बघून ठेवली की तुलना सोपी जाते. हळूहळू चढणारा, मध्येच गळून पडणारा आकडा म्हणजे फुटका पाइप, दाब आवरणारी अडकलेली झडप (वेस्टगेट) किंवा थकलेला टर्बो. बंगळुरात साध्या इंजिनाला विरळ हवेमुळे ताकद थोडी कमी पडते. टर्बो ती तूट भरून काढतो, पण त्यासाठी तो जास्त फिरतो. इथे वाढलेल्या टर्बोने जास्त कष्ट केलेत, हे लक्षात असू द्या.

७. रविवारी पहाटे होस्कोटेकडे चालवा

सोसायटीभोवतीच्या एका फेरीत काही कळत नाही. पहाटे कृष्णराजपुरम ओलांडून जुन्या मद्रास रस्त्याने होस्कोटेपर्यंत जाऊन या. जाताना मोकळा रस्ता मिळतो, येताना गर्दी. मोकळ्यावर पूर्ण ताकद मागा आणि गाडी मध्येच ताकद कापून ‘लिंप मोड’मध्ये जाते का बघा. गर्दीत एसी पूर्ण लावून तापमानाचा काटा बघा. परत आल्यावर बॉनेट उघडून वास घ्या, गळती शोधा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का बघा. तापलेल्या टाकीचं झाकण मात्र उघडू नका.

८. डिझेलमध्ये तेलाची पातळी वाढलेली नाही ना?

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ बसला. साचलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळते, त्यासाठी तिला काही वेळ सलग वेग लागतो. रिंग रोडवर तो मिळत नाही. जाळणं अर्धवट राहतं, आणि त्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरतं. म्हणून डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर ते आजारी गाडीचं लक्षण आहे. डिझेलने पातळ झालेलं तेल टर्बोच्या बेअरिंगला पुरत नाही. या एका तपासणीला काहीच खर्च येत नाही, आणि गाडी बघायला आलेले बहुतेक लोक ती करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

९. रीमॅपबद्दल सरळ विचारा

बंगळुरात गाड्यांचा नाद मोठा आहे आणि टर्बो गाडीची ताकद लॅपटॉपवरून वाढवून, म्हणजे रीमॅप करून देणारेही पुष्कळ. सॉफ्टवेअर बदललं की टर्बोचा दाब वाढतो. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मागे राहतात त्या खुणा: कंपनीचा नसलेला एअर फिल्टर, मोठा इंटरकूलर, बदललेला धुराचा पाइप, नव्या स्क्रूंची चकचकीत डोकी. काही कंपन्यांच्या स्कॅनरवर सॉफ्टवेअर किती वेळा टाकलं ते कळतं. ज्याने हे काम मन लावून केलंय, नोंदी ठेवल्यात आणि स्वतःहून सांगितलंय, त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण घरातली एकुलती एक गाडी घेणाऱ्याने अशा गाडीच्या वाटेला जाऊ नये.

१०. मॉडेलची कुंडली आधी काढा

फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनात काही पट्टे इंजिनाच्या तेलात भिजत फिरतात. चुकीचं किंवा जुनं तेल त्या पट्ट्यांना खातं, सुटलेले कण तेलाच्या वाटा बुजवतात. तेलपंप फिरवणाऱ्या अशाच पट्ट्यावरून फोर्डने २०२३ च्या शेवटी अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांतल्या इकोस्पोर्ट चेन्नईच्या कारखान्यात बनून तिकडे गेलेल्या होत्या. भारतात उत्पादन थांबवत असल्याचं फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, पण गाड्या अजून बाजारात आहेत. घ्यायची तर प्रत्येक तेलबदलाचा पुरावा हवा. ऑडीच्या २००९ ते २०११ मधल्या दोन लिटर पेट्रोल टर्बोवरही जास्त तेल खाण्यावरून अमेरिकेत खटला झाला होता.

उलट टोकाला १.३ मल्टिजेट डिझेल आहे. फियाटचं हे इंजिन मारुती, टाटा, शेवरोले सगळ्यांनी वापरलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत तेच असल्याने जे. सी. रोडच्या बाजारात त्याचा कुठला भाग मिळणार नाही असं होत नाही, आणि ते खोलून जोडू शकणारा मिस्त्री निपाणीतही सापडतो. विश्वासार्हतेत याचाही वाटा असतो. पंधरा दिवस सुट्या भागासाठी उभी राहणारी उत्तम गाडी घरच्यांच्या उपयोगाची नाही.

पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल तिच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेही वाचा, कारण पंपावर आता तेच मिळतं.

११. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी कुठे होती?

मारतहळ्ळी-बेळ्ळंदूरकडची गाडी घेताना हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री मुसळधार पाऊस झाला, तलाव भरून वाहिले आणि सकाळी आउटर रिंग रोडवर लोक ट्रॅक्टरमधून ऑफिसला जात होते. सर्जापूर रस्त्यावरची रेनबो ड्राइव्ह, यमलूरकडची एप्सिलॉन अशा वसाहतींत गाड्या पाण्यात बुडाल्या. ज्या तळघरांबद्दल सुरुवातीला लिहिलं, त्यांतलीही कित्येक भरली होती. त्या गाड्या धुऊन, वाळवून, नव्या सीट कव्हरांसह नंतर बाजारात आल्याच असणार.

टर्बो गाडीला पुराचं पाणी दुहेरी मारतं. बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर आणि त्याच्या नळ्या पुढच्या बंपरमागे अगदी खाली असतात. पाण्यातून गाडी रेटली आणि हवेच्या वाटेने पाणी आत गेलं तर सिलिंडर ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड घेऊन गाडी चालते, महिनोन्महिने चालते, आणि मग एक दिवस महामार्गावर तो रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. एअर फिल्टरचा डबा उघडा, तळाशी वाळलेला गाळ किंवा पाण्याची रेघ शोधा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे चिखलाचा डाग राहून जातो. सीटखालचे रूळ आणि स्टेपनीचा खळगा गंजलाय का बघा. डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर दिसला तर तिथेच थांबा. सर्व्हिसच्या इतिहासात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ ची नोंद वाचा, आणि मालकाला त्या वर्षीची विम्याची पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस अचानक शून्य झाला असेल तर कशासाठी, ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

१२. कागद

कृष्णराजपुरमच्या आरटीओची केए-५३ गाडी महाराष्ट्रात न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसी, मालकी बदलाचे २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या सहीचा ३५. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो. हा कर किमतीत धरूनच सौदा करा. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना ते सक्तीचं आहे.

१३. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

ठरलेल्या किमतीतून थोडी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा आणि गाडी ताब्यात आली की गावाला निघायच्या आधी तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि पेट्रोल असेल तर प्लग बदला. मागच्या बिलावर कालच्या तारखेचं तेल लिहिलं असलं तरी बदला. जुना ऑइल फिल्टर मिस्त्रीला कापून उघडायला सांगा आणि त्याच्या कागदी घड्या उन्हात धरून बघा. काळी काजळी ठीक. चमकणारे कण असतील तर त्यांवर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर पोलादाचे, चेन किंवा दांड्याचे. न चिकटणारे पिवळसर कण बेअरिंगचे. काहीच नसेल तर नवं तेल भरा, डिपस्टिकवरची पातळी आणि मीटरचा आकडा वहीत लिहा, आणि पहिले हजार किलोमीटर दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, पुन्हा लिहीत जा.